सोसायटीची कमिटी मालक नसते! मनमानी वसुली आणि पैशांच्या घोळाबद्दल कायदा काय सांगतो?

खोडद हे जुन्नर तालुक्यातलं गाव जगाला ठाऊक आहे ते जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीमुळे. या गावात किंवा शेजारच्या नारायणगाव, मंचर पट्ट्यात कुणी 'सोसायटीत जाऊन येतो' म्हटलं, तर जुन्या माणसांच्या डोळ्यांसमोर येते ती विकास सोसायटी. पीककर्ज देणारी, मार्चअखेरीस भरणा करून घेणारी. पण त्याच घरातला मुलगा भोसरीत, चाकणला किंवा मुंबईत राहत असेल, तर त्याच्यासाठी 'सोसायटी' म्हणजे फ्लॅट, मेंटेनन्स, पार्किंग आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवरची भांडणं.

या दोन्ही सोसायट्या एकाच कायद्याखाली चालतात: महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०. जुन्नरचा विघ्नहर आणि आंबेगावचा भीमाशंकर हे सहकारी साखर कारखानेही याच कायद्याखालचे. कारखान्याच्या वार्षिक सभेत उसाच्या भावावरून चेअरमनला जाब विचारणारे शेतकरी या पट्ट्यात कमी नाहीत. पण शहरातल्या फ्लॅटच्या सोसायटीत तीच माणसं किंवा त्यांची मुलं 'कमिटीने ठरवलंय' एवढं ऐकून पैसे भरून मोकळी होतात.

रक्कम मात्र छोटी नसते. अनेक कुटुंबांनी जमिनीचा तुकडा विकून, टोमॅटो-कांद्याच्या पैशांतून किंवा वीस वर्षांच्या कर्जावर तो फ्लॅट घेतलेला असतो. म्हणून कमिटीचे अधिकार कुठे संपतात आणि गैरव्यवहाराचा संशय आला तर काय करायचं, हे माहीत असणं गरजेचं आहे.

सोसायटीत खरा अधिकार कुणाचा?

गृहनिर्माण सहकारी संस्थांचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे. मुंबईत गावदेवी भागात १९१५ मध्ये सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली. कल्पना साधी होती: कुणी एक घरमालक नाही, सगळे सभासद मिळून मालक.

आज महाराष्ट्रात अशा नोंदणीकृत गृहनिर्माण संस्थांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. त्यांच्या अडचणी साखर कारखाने आणि बँकांपेक्षा वेगळ्या असल्याने २०१९ मध्ये कायद्यात त्यांच्यासाठी १३-ब हे स्वतंत्र प्रकरण घालण्यात आलं. कलम १५४ब-१ पासून पुढची कलमं त्यातलीच.

कायद्यानुसार सोसायटीचा सर्वोच्च अधिकार सर्वसाधारण सभेचा, म्हणजे सगळ्या सभासदांचा असतो. पाच वर्षांसाठी निवडून येणारी व्यवस्थापक समिती, म्हणजे आपल्या भाषेत कमिटी, ही सभेने ठरवलेली कामं करणारी यंत्रणा आहे. चेअरमन, सेक्रेटरी आणि खजिनदार हे तिचे पदाधिकारी. कायदा, नियम आणि सोसायटीचे नोंदणीकृत उपविधी यांच्या चौकटीबाहेर जाऊन कमिटीला काही करता येत नाही. इतकंच नाही, तर कायद्याविरुद्ध जाणारा ठराव सर्वसाधारण सभेने बहुमताने केला तरी तो टिकत नाही.

कमिटी किती पैसे घेऊ शकते?

बहुतेक वाद इथेच सुरू होतात. मेंटेनन्सच्या बिलातल्या बऱ्याच रकमांना मर्यादा आहेत, पण त्या सभासदांना माहीत नसतात.

ट्रान्सफर प्रीमियम: फ्लॅट विकताना सोसायटी जे हस्तांतरण अधिमूल्य घेते, त्याची कमाल मर्यादा २००१ च्या सरकारी परिपत्रकाने ठरवून दिली आहे. महापालिका क्षेत्रात २५,००० रुपये. अ वर्ग नगरपालिकेत २०,०००, ब वर्गात १५,००० आणि क वर्गात १०,०००. ग्रामपंचायत हद्दीत फक्त ५,०००. म्हणजे पिंपरी-चिंचवडमधल्या सोसायटीची मर्यादा २५ हजार असेल, तर ग्रामपंचायतीच्या हद्दीतल्या सोसायटीची ५ हजार. त्यावर 'डोनेशन', 'विकास निधी' किंवा 'ऐच्छिक देणगी' या नावाखाली सक्तीने पैसे मागता येत नाहीत. कुटुंबातल्या व्यक्तीच्या किंवा वारसाच्या नावावर फ्लॅट होत असेल, तर प्रीमियम लागतच नाही.

बिनभोगवटा शुल्क: फ्लॅट भाड्याने दिला की सोसायटी जादा शुल्क लावते. १ ऑगस्ट २००१ च्या सरकारी आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही आणि त्या हिशेबात महापालिकेचा कर धरायचा नाही. सेवाशुल्क महिना २,००० रुपये असेल, तर हे शुल्क जास्तीत जास्त २०० रुपये. मुंबईतल्या माँट ब्लाँ सोसायटीने या आदेशाला आव्हान दिलं होतं. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये सरकारने घातलेली मर्यादा कायम ठेवली.

गावाकडच्या कुटुंबांसाठी यातला एक मुद्दा महत्त्वाचा आहे. फ्लॅट वडिलांच्या नावावर आहे, वडील गावी शेती बघतात आणि मुलगा किंवा विवाहित मुलगी त्या फ्लॅटमध्ये राहते. अशा वेळी हे शुल्क लागत नाही, कारण तिथे भाडेकरू नाही, घरचंच माणूस राहतंय.

थकबाकीवरचं व्याज: आदर्श उपविधींनुसार मेंटेनन्स थकला तर वर्षाला जास्तीत जास्त २१ टक्के आणि तेही सरळ व्याज लावता येतं. १०,००० रुपये वर्षभर थकले तर व्याज २,१०० रुपये. व्याजावर व्याज लावणं किंवा दर दिवसाला दंड आकारणं यात बसत नाही.

सिंकिंग फंड आणि दुरुस्ती निधी: फ्लॅटच्या बांधकाम खर्चावर वर्षाला किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंड आणि ०.७५ टक्के दुरुस्ती निधी. बांधकाम खर्च १२ लाख धरला तर महिन्याला अनुक्रमे २५० आणि ७५० रुपये. सिंकिंग फंड हा इमारतीच्या म्हातारपणाची पुंजी आहे. गणपतीची रोषणाई किंवा वॉचमनचा पगार यासाठी तो मोडायचा नसतो.

खर्चावर लगाम कोण घालतं?

पैसे गोळा करण्यावर जशी मर्यादा आहे, तशी ते खर्च करण्यावरही आहे. आदर्श उपविधींनुसार दुरुस्ती-देखभालीसाठी सर्वसाधारण सभेला न विचारता कमिटी एका वेळी किती खर्च करू शकते, हे सभासदसंख्येवर ठरतं. २५ पर्यंत सभासद असतील तर २५,००० रुपये, २६ ते ५० असतील तर ५०,००० आणि ५१ पासून पुढे १ लाख. त्यापेक्षा मोठ्या कामासाठी सभेची मंजुरी लागते आणि निविदा मागवाव्या लागतात.

घोळ बहुतेक वेळा याच ठिकाणी होतात आणि त्यांचे प्रकारही ठरलेले असतात. तीन लाखांच्या रंगकामाची ७५-७५ हजारांची चार बिलं केली जातात, म्हणजे सभेसमोर जायला नको. तीन कोटेशन मागवली जातात, पण तिन्ही एकाच माणसाने लिहिलेली असतात. मोबाइल टॉवरचं, होर्डिंगचं किंवा पाहुण्यांच्या पार्किंगचं उत्पन्न रोखीने घेतलं जातं आणि पावती मिळत नाही. वॉटरप्रूफिंगच्या ठेकेदाराला आगाऊ रक्कम दिली जाते आणि काम अर्धवट सोडून तो गायब होतो. बँकेतली मुदत ठेव मोडलेली असते आणि इतिवृत्तात त्याचा ठराव सापडत नाही.

प्रत्येक वेळी यामागे चोरीच असते असं नाही. काही ठिकाणी तो निव्वळ गलथानपणा असतो. पण हिशेब मागितल्यावर 'आमच्यावर विश्वास नाही का?' असं उत्तर येत असेल, तर कागद बघण्याची वेळ आली आहे असं समजावं.

ही दांडगाई कायद्यात बसत नाही

पाणी किंवा वीज तोडणं: थकबाकी असली तरी कमिटीला हा अधिकार नाही. वसुलीसाठी कलम १५४ब-२९ चा मार्ग आहे. निबंधकाकडे अर्ज करून वसुली दाखला मिळवायचा आणि जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली करायची.

भाडेकरूसाठी परवानगीची अट: आदर्श उपविधींनुसार फ्लॅट भाड्याने देताना सभासदाने सोसायटीला आठ दिवस आधी कळवायचं असतं आणि कराराची प्रत द्यायची असते. पूर्वपरवानगी घेण्याची अट त्यात नाही.

पार्किंगची विक्री: दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी निकाल दिला की, स्टिल्ट पार्किंग हा इमारतीचा सामाईक भाग आहे आणि बिल्डरला ते वेगळं विकता येत नाही. ही जागा सोसायटीची असते. तिचं वाटप उपविधींप्रमाणे, सभेने ठरवलेल्या पद्धतीने करायचं आणि जागा कमी पडली तर चिठ्ठ्या टाकायच्या. चेअरमनने आपल्या मर्जीतल्यांना जागा देणं यात बसत नाही.

सभासदत्व काढून घेण्याची धमकी: एखाद्याची हकालपट्टी करायची तर कलम ३५ नुसार सभेत मतदान करणाऱ्यांपैकी तीन चतुर्थांश सभासदांची मंजुरी लागते, त्या सभासदाला बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते आणि शेवटी निबंधकाची मान्यता लागते. ग्रुपवर 'तुम्हाला काढून टाकू' असा मेसेज टाकून कुणाचं सभासदत्व जात नाही.

सभासदाने वर्षातल्या कोणत्या तारखा लक्षात ठेवाव्यात?

आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. लेखापरीक्षण, म्हणजे ऑडिट, त्यानंतर चार महिन्यांत पूर्ण व्हायला हवं, म्हणजे ३१ जुलैपर्यंत. ऑडिटर सरकारी नामतालिकेवरचा असावा लागतो, त्याची नेमणूक सर्वसाधारण सभा करते आणि एकाच ऑडिटरला सलग तीन वर्षांपेक्षा जास्त नेमता येत नाही.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. तिची नोटीस १४ पूर्ण दिवस आधी द्यायची असते. सभा वेळेत घेतली नाही, तर जबाबदार पदाधिकाऱ्यांना निबंधक पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवू शकतात.

ऑडिट अहवालात गंभीर बाब आढळली तर कायदा ऑडिटरवरही जबाबदारी टाकतो. हिशेबाबाबत कुणी गुन्हा केल्याचा निष्कर्ष निघाला, तर ऑडिटरने १५ दिवसांत निबंधकाला विशेष अहवाल द्यायचा आणि निबंधकाच्या लेखी परवानगीने पोलिसांत गुन्हा नोंदवायचा. म्हणून ऑडिट अहवालाचं शेवटचं पान आणि दोष-दुरुस्ती अहवाल सभेत मागून घेणं महत्त्वाचं असतं.

संशय आला तर काय करायचं? पायरी पायरीने

१. लेखी अर्ज करून कागद मागा. कलम १५४ब-८ सभासदाला सोसायटीची कागदपत्रं पाहण्याचा अधिकार देतं. कायदा, उपविधी, ताळेबंद, सभेची इतिवृत्तं आणि सभासदाच्या स्वतःच्या व्यवहारांच्या नोंदी कार्यालयीन वेळेत विनामूल्य बघता येतात. ठरलेलं शुल्क भरून प्रतीही मिळतात. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्या. पोहोच देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवा. ग्रुपवर विचारलेला प्रश्न हा अर्ज ठरत नाही.

२. विशेष सभा बोलवा. एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली, तर कमिटीला एका महिन्यात विशेष सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. ६० फ्लॅटच्या सोसायटीत याचा अर्थ १२ सह्या.

३. निबंधकाकडे तक्रार करा. ग्रामीण भागात तालुक्याचे सहायक निबंधक आणि शहरात त्या-त्या विभागाचे उपनिबंधक हे तक्रारीचं ठिकाण. कागद न देणं, सभा न घेणं, ऑडिट न करणं या तक्रारी इथे होतात. गंभीर गैरकारभार असेल तर निबंधक सुनावणी घेऊन कमिटी दूर करू शकतात आणि प्रशासक नेमू शकतात.

४. चौकशी मागा. कलम ८३ नुसार एक पंचमांश सभासदांच्या अर्जावरून किंवा निबंधकाच्या स्वतःच्या अधिकारात सोसायटीच्या कारभाराची आणि आर्थिक स्थितीची चौकशी होते. चौकशीत किंवा ऑडिटमध्ये नुकसान दिसलं, तर कलम ८८ नुसार जबाबदारी निश्चित होते आणि ती रक्कम संबंधित व्यक्तीकडून व्याजासह वसूल करता येते. म्हणजे भुर्दंड सोसायटीच्या तिजोरीवर न पडता ज्याने घोळ केला त्याच्या खिशावर पडतो.

५. सहकार न्यायालय. निवडणूक, सभेतले ठराव आणि सोसायटीच्या व्यवस्थापनाबद्दलचे वाद कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जातात. आधीच्या पायऱ्यांवर मिळालेले कागद इथे पुरावा म्हणून उपयोगी पडतात.

६. पोलीस. खोट्या सह्या, बनावट बिलं किंवा पैशांचा अपहार असेल तर तो फौजदारी गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली असून विश्वासघाताचा गुन्हा तिच्या कलम ३१६ मध्ये येतो.

माहितीचा अधिकार इथे चालतो का?

सरळ सोसायटीकडे नाही. केरळच्या थलप्पलम सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २०१३ रोजी स्पष्ट केलं की, सहकारी संस्था केवळ कायद्याखाली नोंदलेल्या आहेत म्हणून त्या 'सार्वजनिक प्राधिकरण' ठरत नाहीत. त्यामुळे सेक्रेटरीकडे माहिती अधिकाराचा अर्ज करून उपयोग नसतो.

पण निबंधक कार्यालय सरकारी आहे. सोसायटीने तिथे दिलेले ऑडिट अहवाल, विवरणपत्रं, निवडणुकीची कागदपत्रं आणि नोंदणीकृत उपविधी यांच्या प्रती त्या कार्यालयाकडून माहिती अधिकारात मागता येतात. सोसायटीने कागद दाबून ठेवले असतील, तर हा दुसरा दरवाजा आहे.

पुनर्विकास: सगळ्यात मोठी रक्कम, सगळ्यात मोठा धोका

जुनी इमारत पाडून नवी बांधताना कोट्यवधींचे व्यवहार होतात. कमिटीने बिल्डरशी परस्पर संगनमत केल्याच्या तक्रारी वाढल्या म्हणून सरकारने कलम ७९अ खाली ३ जानेवारी २००९ रोजी निर्देश काढले आणि ४ जुलै २०१९ रोजी ते सुधारले.

सुधारित निर्देशांनुसार पुनर्विकासाच्या सभेला दोन तृतीयांश सभासदांची गणपूर्ती लागते आणि एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची मंजुरी लागते. हजर असलेल्यांपैकी ५१ टक्के नाही, एकूण सभासदांपैकी. विकासक निवडीची सभा निबंधक कार्यालयाच्या प्रतिनिधीसमोर आणि व्हिडिओ चित्रीकरणासह व्हायला हवी. विकासकाकडून प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटी घेण्याचंही त्यात सांगितलं आहे. कोऱ्या संमतीपत्रावर सही मागितली, तर ती न करणंच शहाणपणाचं.

आधी हे तपासा: सोसायटी की अपार्टमेंट?

पुणे परिसरात अनेक इमारती सोसायटी म्हणून नोंदलेल्याच नसतात. त्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा, १९७० खालच्या 'अपार्टमेंट' असतात. तिथे असोसिएशन असते आणि सामाईक खर्च प्रत्येकाच्या अविभक्त हिश्श्याप्रमाणे वाटला जातो, म्हणजे मोठ्या फ्लॅटला जास्त. वर सांगितलेल्या सोसायटीच्या तरतुदी तिथे जशाच्या तशा लागू होत नाहीत. म्हणून भांडणाला सुरुवात करण्याआधी खरेदीखत आणि नोंदणी प्रमाणपत्र बघावं.

संस्था अजून स्थापनच झाली नसेल आणि बिल्डरच मेंटेनन्स घेत असेल, तर नियम आणखी वेगळा आहे. ५१ टक्के फ्लॅटची नोंदणी झाल्यावर तीन महिन्यांत संस्था स्थापनेसाठी अर्ज करणं हे बिल्डरचं काम आहे. ते टाळलं तर महारेराकडे तक्रार करता येते.

दुसरी बाजूही आहे

कमिटीत काम करणं हा अनेक ठिकाणी बिनपगारी ताप असतो. रात्री अकराला लिफ्ट बंद पडली तरी फोन सेक्रेटरीलाच येतो. वर्षानुवर्षं मेंटेनन्स न भरणारे सभासद उरलेल्यांच्या पैशांवर पाणी आणि लिफ्ट वापरतात. तीन महिन्यांपेक्षा जास्त थकबाकी असलेला सभासद थकबाकीदार ठरतो आणि त्याला कमिटीत जाता येत नाही. त्यामुळे तक्रार करणाऱ्याने स्वतःचं बिल आधी भरलेलं असावं. एखादी रक्कम मान्य नसेल, तर 'हरकत राखून' असं लेखी कळवून ती भरावी आणि मग भांडावं.

कायद्याचे मार्ग वेळखाऊही आहेत. निबंधकाकडे तारखा पडतात, चौकशा लांबतात. म्हणून सगळ्यात स्वस्त आणि लवकर लागू पडणारा उपाय शेवटची पायरी नसून पहिली आहे: सप्टेंबरच्या सभेला हजर राहणं, ताळेबंद आधी वाचून जाणं आणि विचारलेला प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्यायला लावणं. ६० सभासदांपैकी दहाच जण सभेला आले, गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली आणि अर्ध्या तासाने त्याच दहा जणांनी सगळं मंजूर केलं, तर पुढची पाच वर्षं तक्रार करायला जागा उरते, पण हातात कागद उरत नाही.

फ्लॅट मुलाच्या नावावर असो की गावी राहणाऱ्या वडिलांच्या, सभेची नोटीस ज्याच्या नावावर येते त्याने ती उघडून वाचावी. कायदा सभासदाच्या बाजूने आहे, पण तो सही केलेल्या अर्जावरच जागा होतो.